कोंबड्याचा पत्रा

वादळ गेलं त्या सकाळी वारा थांबला होता, पण पत्र्यांचा आवाज थांबला नव्हता. सगळं गाव पत्रे ओढत होतं. कुणाचा पत्रा उसात, कुणाचा विहिरीत, कुणाचा झाडाच्या बेचक्यात. ज्याच्या हाती लागेल तो त्याचा. ‘हा माझा’, ‘कशावरून तुझा, नाव लिहिलंय का त्यावर?’ असं घरोघरी चाललेलं. रंगाऱ्यानं आणि लोहाराच्या जावयानं एकच पत्रा दोन टोकांना धरून असा खेचला की जावयाची चार बोटं कडेनं चिरली. रंगारी तो रक्ताचा पत्रा डोक्यावर घेऊन चालता झाला. जाताना वर म्हणाला, "आता तुझं नाव लागलं बघ त्याच्यावर. पण नेतोय मी."

मी न्हावी. माझ्या दुकानातली खुर्ची वाचली, आरसा वाचला, छप्पर तेवढं गेलं. आरशात बघितलं की माझ्या तोंडामागं आभाळ दिसायचं. माझं घर दुकानाच्या मागं, आणि घराला लागून मिस्त्रीचं. मधे एकच भिंत. मिस्त्री म्हणजे पत्रेवाला. आसपासच्या चार गावांत छपरावर पत्रा चढवायचा तर त्याला बोलवायचं. तोंडात खिळे धरायची सवय इतकी की खिळे नसले तरी ओठ दाबूनच बोलायचा. मला ‘वस्तऱ्या’ म्हणायचा. घरात तो, त्याची बायको आणि दम्याची म्हातारी आई. मूलबाळ नाही.

दुपारी सगळे शाळेच्या मैदानात जमले. शाळेला सिमेंटचं छत, म्हणून निम्मं गाव तिथंच पथाऱ्या टाकून होतं. निवृत्त मास्तरांनी फळा बाहेर आणला आणि म्हणाले, बाहेरून मदत येईल तेव्हा येईल, तोवर आपलं आपण बघू. कोण कोण कामाला उभं राहतंय? पहिला हात मिस्त्रीचा. मग माझा, मग शिंप्याचा, असे अकरा जण झालो.

मिस्त्री बाकावर चढला. खाली उभं राहून त्याला बोलताच यायचं नाही, जन्म छपरावर गेलेला.

"वाऱ्यानं नेलं ते सगळ्यांचं!" तो ओरडला. "पत्र्याला आता धनी नाही. सगळे पत्रे इथं आणून टाका. वाकडे आपण ठोकून सरळ करू. ज्या घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस, ते घर आधी. बसवायचं काम माझं."

रंगारी मागून म्हणाला, "म्हणजे तुझंच आधी! तुझी आई दम्याची. गावाच्या पत्र्यांवर बरोबर नेम धरलास गड्या."

लोक हसले. वादळानंतरचं पहिलं हसू, त्यामुळे जरा जास्तच हसले. मिस्त्रीचं तोंड कानापर्यंत लाल झालं.

"माझं शेवटी!" तो म्हणाला. "मास्तर, लिहा फळ्यावर. कामावरच्या माणसाचं घर शेवटी. जो देतो तो मागून घेतो."

मास्तरांनी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘कामावरच्यांची घरे शेवटी’. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मिस्त्रीची बायको नळावर उभी होती. तिनं पाण्याची बादली या हातातून त्या हातात घेतली आणि घरी निघून गेली. याला आपल्यात हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण त्या वेळी ते कुणाला सुचलं नाही. मलाही नाही, कारण त्या ओळीत माझंही घर आलं होतं आणि मला आतून फार बरं वाटत होतं.

मिस्त्रीच्या घरावर सोळा पत्रे होते. त्यातले दोन राहिले होते, चुलीच्या कोपऱ्यावर. तिथं चूल, धान्याची कणगी आणि मोरी. म्हातारीची खाट त्या कोपऱ्यात पुरी जाईना. निम्मी आत, निम्मी उघड्यावर.

"डोकं घरात आणि पाय गावात," म्हातारी मला म्हणाली. दम लागत होता तरी तोंड बंद नव्हतं. "बघ की रे मेल्या, माझा लेक किती मोठा झाला! गावाचं छप्पर करायला निघाला. माझा कोंबडा कुठं गेला ते विचार त्याला."

कोंबड्याची गोष्ट अशी. म्हातारीला तपकिरीचं व्यसन. तिच्या खाटेच्या वरच्या पत्र्याला पूर्वी एक भोक पडलं होतं, तिथून नेमकं तिच्या कपाळावर गळायचं. मिस्त्रीनं तिच्याच तपकिरीच्या डबीचं झाकण घेऊन आतल्या बाजूनं ते भोक बुजवलं, चार रिबिटी मारल्या, वर डांबर फासलं. झाकणावर लाल तुऱ्याचा कोंबडा होता. गेली सात-आठ वर्षं म्हातारी सकाळी डोळे उघडायची ते त्या कोंबड्याकडं बघत. "माझा आरवत नाही, पण पळतही नाही," असं म्हणायची. आता तोही उडाला होता.

"सापडेल," मिस्त्री म्हणाला. "पत्रा कुठं जातोय? पक्षी आहे का तो?"

"कोंबडाच आहे," म्हातारी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. दिवस उजाडला की मिस्त्री शिडी खांद्यावर घ्यायचा, मी मागून हातोड्या, पकडी आणि हुकांची पिशवी. वासे तुटलेले असत, ते आधी बांधायचे. मग एकेक पत्रा वर द्यायचा. ऊन चढलं की पत्रा तापायचा. मिस्त्रीच्या गुडघ्यांना फोड आले, ते फुटले, त्यावर त्यानं सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधले. तळहात चिरलेले, त्यात डांबर गेलेलं. शिडी जुनी, बांबूची, पायाला रबर नाही. ती धरायचं काम माझं.

"वस्तऱ्या, एक लक्षात ठेव," पहिल्याच घरी तो म्हणाला. "वरचा माणूस हलला तर सावरतो. खालचा हलला तर वरचा मेला."

"बायकोसारखी धरलीय," मी म्हणालो.

"मग तर मेलोच," तो म्हणाला.

दिवसाला पाच घरं व्हायची, कधी सहा. तिसऱ्या दिवशी कुठल्याशा संस्थेचा ट्रक आला. थोडे नवे पत्रे, ताडपत्र्या, चादरी. ताडपत्र्या तासाभरात संपल्या. मिस्त्री तेव्हा कुंभाराच्या आढ्यावर बसला होता. वरून त्याला रांग दिसत होती. मी म्हणालो, "जाऊन एक घेऊन येतो तुझ्यासाठी." तो म्हणाला, "खिळे दे."

त्याच दिवशी शिंप्यानं मास्तरांना बाजूला घेतलं. मी शेजारीच होतो.

"मास्तर, मी काही कामावरचा नाही. मी नुसता सल्ला देतो. फळ्यावर माझं नाव चुकून आलं."

मास्तरांनी हाताच्या कडेनं नाव पुसलं. त्याच संध्याकाळी शिंप्याच्या घरावर पत्रे चढले, मिस्त्रीनंच चढवले. मग हमालांच्या जोडीला आठवलं की ते नुसते ओझं वाहतात. एकाची पाठ दुखायला लागली. एक जण म्हणाला, मी तर फक्त चहा देतो. अकराचे पाच झालो, पाचाचे तीन.

चौथ्या दिवशी सकाळी माझी बायको म्हणाली, "दुसऱ्यांची डोकी झाकता आणि स्वतःची पोरं उघडी. तुम्ही पत्रा बसवता की शिडी धरता?"

"शिडी धरतो."

"मग ते काम झालं का? भिंतसुद्धा शिडी धरते."

मी मास्तरांकडं गेलो. तोंड धुऊन गेलो होतो, तरी चेहऱ्याला काहीतरी चिकटल्यासारखं वाटत होतं. म्हणालो, "मास्तर, मी नुसती शिडी धरतो." मास्तरांना सवय झाली होती. हाताची कड खडूनं पांढरी झालेलीच होती, तिनंच नाव पुसलं.

दुपारी मिस्त्री माझ्या घरावर चढला. मी खाली शिडी धरून. मला वाटलं चार शब्द सुनावेल. त्यानं तोंडातले खिळे हातावर काढले, माझ्याकडं वाकून बघितलं आणि विचारलं, "शिडी धरणं काम नाही होय रे?"

मी शिडीवरची पकड बदलली.

"बरं. मग नीट धर," तो म्हणाला आणि खिळे परत तोंडात घातले. मधल्या भिंतीपाशी शेवटचा पत्रा बसवताना त्यानं त्याची पलीकडची कड हाताएवढी वर वळवून पन्हळ केली. माझ्या छपराचं पाणी त्याच्या उघड्या घरात पडू नये म्हणून.

म्हातारीला त्याच्या दोन दिवस आधी शाळेत नेलं होतं. पाचवीच्या वर्गात कोपऱ्यात जागा मिळाली. पण दमेकऱ्याचा खोकला, तो काय वेळ बघून येतो? बायका कुरकुरल्या. लेकरं झोपत नाहीत, म्हणाल्या. एकीनं म्हातारीचं पाण्याचं भांडं बोटाच्या टोकानं ढकलून दूर ठेवलं. दुसऱ्या संध्याकाळी मास्तर आले, फार गोड बोलले. "आजी, वऱ्हांड्यात हवा चांगली आहे. तुमच्या दम्याला बरं." वऱ्हांड्यात पावसाची झड यायची आणि मोकाट कुत्री यायची. म्हातारीनं मिस्त्रीला सांगितलं, "मला घरी ने. कुत्र्यांना माझा खोकला चालतो, पण मला कुत्री चालत नाहीत."

मिस्त्रीनं तिला पाठीवर घेतलं, मी मागून. फाटकातून बाहेर पडत होतो तेव्हा आतून एक बाई म्हणाली, "सुंठीवाचून खोकला गेला." आणि सगळ्या हसल्या. ते त्याला ऐकू गेलं. म्हातारीलाही गेलं, कारण ती त्याच्या कानाशी म्हणाली, "जोक चांगला होता."

वाटेत मिस्त्री मला म्हणाला, "पत्र्याएवढीसुद्धा राहिली नाही रे वजनानं."

माझ्या घरावर छप्पर आल्यावर मी बायकोला म्हणालो होतो, म्हातारीला आपल्याकडं आणू या का? बायको म्हणाली, "आणा. तुम्ही दुकानात झोपा." मी पुन्हा विचारलं नाही. हे मी कुणी विचारलं नसताना सांगतोय, कारण पुढं कुणी विचारलंच नाही.

पाचव्या दिवशी गिरणीवाल्याचं काम निघालं. त्याच्या राहत्या घराला स्लॅब होता. उडालं होतं ते गिरणीचं छप्पर. त्याच्या घरी तान्हं मूल नाही, आजारी कुणी नाही. पण तो मास्तरांना म्हणाला, "गिरणी भिजली तर गाव खाणार काय? गिरणी म्हणजे गावाचं पोट." पोटापुढं कोण बोलणार? मैदानातल्या ढिगातले बारा पत्रे गिरणीकडं निघाले.

मी एकेक वर देत होतो. सातवा पत्रा उलटा आला, आणि माझा हात थांबला. मधोमध डबीचं झाकण, चार रिबिटी. अर्धा तुरा खरवडून गेलेला, पण डोळा शाबूत होता.

मिस्त्रीनं वरून हात पुढं केलेला होता. त्यालाही दिसलं. गिरणीवाला शेजारीच खुर्ची टाकून बसला होता. म्हणाला, "काय झालं? गंजका आहे का? दुसरा घ्या. मला ठिगळाचा नको."

एवढं निमित्त पुरे होतं. ‘हो, गंजका आहे’ म्हणून बाजूला टाकायचा आणि संध्याकाळी घरी न्यायचा. मी तोंड उघडलंच होतं. मिस्त्री म्हणाला, "पत्रा चांगला आहे. ठिगळ माझ्या हातचं आहे, गळणार नाही." आणि वर ओढून घेतला. दोन कडांना शेजारच्या पत्र्यांवर चढ देऊन, हूक मारून, वॉशर घट्ट पिळून त्यानं तो बसवला. तेवढ्या एका पत्र्याला दोन पत्र्यांएवढा वेळ लागला.

खाली उतरल्यावर मी म्हणालो, "अरे, तो तर..."

"वाऱ्यानं नेलं ते सगळ्यांचं," तो म्हणाला. "मीच बोललोय."

संध्याकाळी भिंतीपलीकडून म्हातारीचा आवाज आला. "कोंबडा सापडला का रे?"

"नाही आई."

"नीट बघतोस ना?"

"बघतो."

सहाव्या दिवशी फळ्यावर एकच नाव राहिलं. मिस्त्रीच्या घराला चौदा पत्रे लागत होते, मैदानात पाच राहिले होते, नवे कोरे, एकावर एक रचून वर विटा ठेवलेले. आभाळ सकाळपासून खाली आलं होतं. दुपारनंतर मोठा पाऊस येणार असं सगळ्यांच्या मोबाइलवर आलेलं.

मिस्त्रीची बायको मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली. ती बोलकी बाई नव्हती. तिनं ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही.

"शेवट आला का?" तिनं विचारलं.

"आला की वहिनी, आला," मास्तर हसले. "हे पाच तुमचेच. मुद्दाम राखून ठेवलेत. संस्थेचे मोठे साहेब परवा येणार आहेत. गावातलं शेवटचं घर त्यांच्या हस्ते. फोटो निघतील. सगळ्या गावात हा मान मिस्त्रीलाच आहे."

"पाऊस आज येणार आहे."

"दोनच दिवस. इतके दिवस काढलेत ना?"

"तुम्ही काढा त्यांचं नाव फळ्यावरून. बाकीच्यांचं काढलं तसं."

"ते त्यानं स्वतः सांगितलं पाहिजे," मास्तर म्हणाले.

ती घरी गेली. भिंतीपलीकडं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, मोठ्यानं काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळानं मिस्त्री मैदानात आला. गुडघ्याला ट्यूबचे तुकडे तसेच. ज्या बाकावर चढून बोलला होता तो बाक शेजारीच होता. तो जमिनीवर उभा राहिला.

"मास्तर, माझं नाव काढा," तो म्हणाला. "मी कामावरचा नाही."

मग रंगारी म्हणाला, "मग कोण आहेस रे बाबा? छपरावर पतंग उडवत होतास का?"

हसू फुटलं. एका कोपऱ्यातून सुरू झालं आणि सगळीकडं गेलं. ज्यांच्या डोक्यावर त्यानं छप्पर घातलं होतं ते सगळे हसले. शिंपी तर डोळे पुसत होता. मी तोंडावर हात धरला, आणि हाताच्या आत मीही हसत होतो. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. इथं तर वासे त्यानंच बसवलेले होते.

मास्तर म्हणाले, "अरे, तूच म्हणालास ना, शेवटी? आता दोन दिवसांसाठी शब्द कशाला घालवतोस? साहेबांना कळवून झालंय. घर उघडं दिसायला पाहिजे ना फोटोत."

मिस्त्री वळला आणि घरी न जाता शिडी घेऊन सरळ गिरणीकडं निघाला. माझ्यापाशी आल्यावर म्हणाला, "वस्तऱ्या, धरतोस?"

"कशाला?"

"एकच पत्रा काढायचा आहे. आईच्या खाटेपुरता. नवे पत्रे आले की जागेवर परत बसवून देतो."

मी गेलो. खरं सांगतो, मनापासून गेलो. अंगण सिमेंटचं, भुरभुर सुरू झालेली, शिडीचे पाय सरकत होते. मी पोटानं दाबून धरली. तो चढला, पकडीनं हूक सोडायला लागला. तीन हूक सुटले. तेवढ्यात आतून गिरणीवाला बाहेर आला.

"चोर! चोर!"

चोर म्हटल्यावर लोक जसे धावतात तसे बाकीच्या वेळी का धावत नाहीत कोण जाणे. मैदानातलं सगळं गाव तिथं आलं. मास्तर आले, रंगारी आला. मिस्त्रीची बायकोही आली, तिनं वाटेत ऐकलं असावं.

"हा पत्रा माझा आहे," मिस्त्री वरून म्हणाला. "आईच्या खाटेवरचा. आत जाऊन ठिगळ बघा."

"पत्र्याला धनी नाही!" रंगारी ओरडला. "वाऱ्यानं नेलं ते सगळ्यांचं!" पोरांनीही ते उचललं. सगळे मिळून तालात म्हणायला लागले. सहा दिवसांत ते वाक्य पाठच झालं होतं गावाला.

आणि गिरणीवाला माझ्याकडं वळला. "आणि तू रे? तू शिडी धरतोस का चोराची? तुझ्या घरावर पत्रे आले ना? ते आले कुठून?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझी बायकोही त्यात होती. मला माझं छप्पर दिसलं, त्याखाली माझी पोरं दिसली. मी म्हणालो, "मी नाही धरत."

आणि मी हात काढले. दोन्ही हात वर करून दाखवले, चोर नाही हे दाखवायला. पाऊलभर मागं सरकलो.

शिडी आधी हळूच सरकली. मिस्त्रीचा एक पाय शिडीवर होता, एक वाशावर. चौथा हूक त्याच क्षणी सुटला आणि पत्रा त्याच्या अंगावर आला. पत्र्यासकट तो खाली सिमेंटवर आला, दोन्ही हात पुढं टाकून. मनगटांचा आवाज मी ऐकला. ओली फांदी मोडावी तसा होता. त्याच्या तोंडातून खिळे सांडले, आणि मग रक्त.

त्याच वेळी पाऊस कोसळला. आम्ही त्याला फळीवर घेऊन गिरणीत नेलं. छपराला एका पत्र्याचं भगदाड पडलेलं, तेवढी जागा सोडून सगळं गाव आत दाटीवाटीनं उभं राहिलं. बाकीच्या अकरा पत्र्यांतून एक थेंब गळत नव्हता. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं हातांना पट्ट्या बांधल्या. मिस्त्री शुद्धीत होता, पण मनगटाचं हाड कातडीतून बाहेर दिसत होतं म्हणून सगळे तिकडंच बघत होते. त्याची बायको त्याचं डोकं मांडीवर धरून बसली होती.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "आई?"

पाऊस सुरू होऊन तासाच्या वर झाला होता. ती डोकं खाली ठेवून उठली आणि तशीच धावली. मी मागून गेलो.

म्हातारी खाटेवर बसली होती आणि पावसाची तिरपी झड त्या दोन पत्र्यांखालीही येत होती. खाट पुढं ओढायची ताकद नव्हती, उतरून चुलीशी जायची नव्हती. डोक्यावर तिनं धान्य पाखडायचं सूप धरलं होतं. सुपातून पाणी गळून तोंडावरून, छातीवरून चाललेलं. ओठ निळे. आम्हाला बघून तिनं सूप जरा वर केलं.

"कोंबडा सापडला?" तिनं विचारलं. शब्दाशब्दाला दम होता.

"सापडला," सून म्हणाली. "सापडला आई."

"लबाड," म्हातारी म्हणाली.

त्या संध्याकाळी मी तिला माझ्या घरी नेलं. बायकोनं चूल पेटवून अंथरूण तिच्याजवळ ओढलं. आता त्याचा काय उपयोग होता? म्हातारीच्या छातीत पाणी भरलं होतं. तिसऱ्या दिवशी उजाडताना ती गेली, माझ्या नव्या पत्र्यांकडं बघत. तिथं बघायला काही नव्हतं.

साहेब दहाला येणार होते. मास्तर नऊला आले, दारात चपला काढून उभे राहिले. खाली बघत म्हणाले, "फार वाईट झालं. पण ते निघालेत. अर्ध्या तासाचं काम आहे. ते झालं की लगेच पुढचं करू. फक्त, तोवर दार लावून घ्या. त्यांना या बाजूला रडारड नको दिसायला."

रडत कुणीच नव्हतं. आम्ही माझ्या घराचं दार बाहेरून लावून घेतलं आणि भिंतीपलीकडं कार्यक्रम झाला. साहेब भला माणूस होता, त्याला काही माहीत नव्हतं. त्यानं मिस्त्रीला विचारलं, "हाताला काय झालं?" मास्तर म्हणाले, "लोकांसाठी काम करताना पडले." साहेबाचे डोळे भरून आले. फोटोसाठी पत्रा द्यायचा तर घ्यायला हात नव्हते. दोन्ही कोपरापर्यंत बांधलेले. मग रंगाऱ्यानं मागून पत्रा धरला आणि मिस्त्रीनं त्याला हनुवटी टेकवली. टाळ्या वाजल्या. मिस्त्री कॅमेऱ्याकडं न बघता माझ्या बंद दाराकडं बघत होता.

दुपारी आम्ही म्हातारीला पोचवून आलो.

दुसऱ्या दिवशी मी गिरणीच्या अंगणात गेलो. कोंबड्याचा पत्रा तसाच पडला होता, मधे दुमडलेला. आता तो कुणालाच नको होता. मी तो दुकानासमोर आणला, दगडावर ठेवून लाकडी ठोकळ्यानं ठोकठोक ठोकला. माझ्या हाताला ती सवय नाही, पण तिन्हीसांजेपर्यंत पन्हळी पुष्कळ सरळ आल्या. झाकण मी ठोकलं नाही. डोक्यावर घेऊन शेजारी गेलो.

मिस्त्री रिकाम्या खाटेवर बसला होता, हात मांडीवर ठेवून. कंपाउंडर म्हणाला होता, हाडं जुळतील, पण हातोडा धरवेल असं नाही. त्याची बायको छपरावर होती. साडीचा काचा मारलेला, गुडघ्यांना त्याच ट्यूब बांधलेल्या. चार नवे पत्रे चढले होते. खालून तो सांगत होता, "जरा डावीकडं. चढ दोन पन्हळींचा घे. हूक वरच्या पन्हळीत मार, खालच्या नको." मला बघून तो बोलायचा थांबला.

मी पत्रा भिंतीला टेकवून ठेवला, झाकणाची बाजू त्याला दिसेल अशी. त्यानं बघितलं.

मी शिडीपाशी गेलो आणि दोन्ही हातांनी धरली. इतक्या दिवसांत तेवढंच शिकलो होतो.

"वहिनी, तुम्ही उतरा आणि घेऊन जा," मी म्हणालो. "मी धरलीय."

ती वरून वाकली. तेव्हा मला दिसलं की शिडीच्या दोन्ही पायांना दोर होते. एक चुलीच्या कोपऱ्यातल्या खांबाला गुंडाळलेला, दुसरा जमिनीत ठोकलेल्या पहारीला. गाठी पक्क्या होत्या, मिस्त्रीनं दातांनी ओढून बसवल्या असाव्यात.

"बांधलीय भाऊजी," ती म्हणाली. "माणूस लागत नाही."

मग तिनं ओटीतले खिळे काढून ओठात धरले, म्हणजे आता ती पुढं काही बोलणार नव्हती.